दोन टोकं जोडलेलं शेत

नातवंडांनो, तुमच्या आत्याचं, म्हणजे माझ्या लेकीचं, जळगावातलं ऑफिस तुम्ही व्हिडिओवर पाहिलंच आहे. ठिबक सिंचनाचे आराखडे करून देणं हा तिचा व्यवसाय. शेतकरी शेताची मापं घेऊन येतात आणि जाड पाइप कुठून न्यायचा, बारीक नळ्या कुठे टाकायच्या, पंप किती ताकदीचा लागेल, हे ती काढून देते. धुळ्याच्या कॉलेजातून निवृत्त होऊन मी तिच्याकडे राहायला आले तेव्हा हा सगळा हिशेब ती कॅल्क्युलेटरवर करत होती. जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला ते बघवेना. मी तिला एक प्रोग्राम लिहून दिला, आणि तेव्हापासून ऑफिसातली खिडकीजवळची खुर्ची माझी झाली.

प्रोग्रामची कल्पना साधी होती. विहिरीजवळच्या पहिल्या पाइपला विचारायचं, तुझ्यापुढे किती पाणी लागतं? त्याला ते माहीत नसतं. म्हणून तो आपल्याला जोडलेल्या पाइपांना तोच प्रश्न विचारतो. फक्त ज्याने आपल्याला विचारलं त्याला सोडून. ते त्यांच्यापुढच्यांना विचारतात. शेवटच्या नळीपुढे कोणी नसतं, ती आपलं उत्तर देते आणि उत्तरांची बेरीज होत होत ती मागे विहिरीपर्यंत येतात. प्रोग्रामने असं स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावणं, याला तुम्ही रिकर्शन म्हणता. उत्तर येईपर्यंत प्रत्येक प्रश्न संगणकाच्या डोक्यात ताटकळत उभा असतो, एवढं लक्षात ठेवा.

कितीतरी शेतं या पद्धतीने विनातक्रार निघाली. मग मुक्ताईनगरकडचे एक केळीवाले नाना आले.

पावसाळा सरताना लावतात त्या केळीला इकडे कांदेबाग म्हणतात. नानांची त्यासाठीची रोपं अंगणात येऊन पडली होती, हिरव्या जाळीच्या सावलीत, छोट्या पिशव्यांमधून. ती फार दिवस तशीच राहिली तर मुळं पिशवीतच गोल फिरतात आणि झाड पुढे जोर धरत नाही. जमिनीखालचे मोठे पाइप नानांनी स्वतःच आधी टाकले होते. वरच्या नळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. मागच्या बागेत चढावरच्या शेवटच्या ओळींना पाणी पोचलं नव्हतं आणि तिथले घड बारीक निघाले होते. यंदा तसं होऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आत्याने शेताची मापं प्रोग्राममध्ये भरली, बटण दाबलं आणि प्रोग्राम पडला. पडद्यावर इंग्रजीत आलं की प्रश्नात प्रश्न फार खोल गेले आहेत.

समोर चहा पीत बसलेल्या नानांनी विचारलं, ‘‘काय झालं वो ताई? काबर बसला तो?’’

‘‘शेत मोठं आहे नाना, दमला असेल,’’ आत्या म्हणाली.

‘‘अजून पाणी सुरू नाही झालं, तं आत्ताच दमला?’’

मलाही आधी तसंच वाटलं, की शेत मोठं, नळ्या पुष्कळ, म्हणून प्रश्नांची रांग लांबली असेल. रांगेला एक मर्यादा असते, ती मी वाढवून दिली. या खेपेला तो काही न बोलताच बंद पडला. आधी निदान कारण सांगत होता. मर्यादा पुन्हा वाढवण्यात अर्थ नव्हता. रांग लांब नव्हती, तिला शेवटच नव्हता.

नानांना घरी पाठवलं आणि मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेताचा डावा भाग काढून टाकला, उजवा ठेवला; हिशेब नीट निघाला. उजवा काढला, डावा ठेवला, तोही नीट. दोन्ही एकत्र केले की प्रोग्राम आडवा. म्हणजे दोष डाव्यात नव्हता, उजव्यातही नव्हता. मी नकाशा मोठा करून दोन भाग जिथे जवळ येतात ते सगळे कोपरे पाहिले. चढावर, बांधाजवळ, डाव्या आणि उजव्या मोठ्या पाइपांची टोकं एकमेकांवर आलेली होती. ती जोडलेली होती की नुसती शेजारी, हे चित्रावरून कळेना. आत्याने फोन लावून स्पीकरवर ठेवला.

‘‘हो, जोडलीच आहेत ना,’’ नाना म्हणाले. ‘‘दोन्हीकून पाणी आलं म्हणजे टोकाच्या ओळी उपाशी नाही राहत.’’

मग सगळं कळलं. प्रश्न डाव्या पाइपाने वर जात होता, जोडातून उजव्यात उतरत होता, खाली विहिरीजवळच्या फाट्यावर येत होता आणि तिथून नव्या उत्साहाने पुन्हा डाव्यात शिरत होता. शेताला शेवट असतो, हे मी गृहीत धरलं होतं. नानांनी शेताची माळ करून ठेवली होती.

आत्याने सोपा उपाय सुचवला. ‘‘नाना, तेवढा जोड तोडा. लगेच आराखडा देते.’’

‘‘टोकाला पाणी यावं म्हून तं जोडला. आता तुमच्या कम्प्युटरसाठी तोडू?’’

मला हसू आलं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. जोडामुळे खरंच फायदा होतो का, हेच तर त्यांना हिशेबातून हवं होतं.

माळेत पाणी कुठल्या बाजूने वाहील हे आधी सांगता येत नाही. एक दिशा धरायची, दोन्हीकडून येणारा दाब ताडून पाहायचा, फरक दिसला की थोडं सुधारायचं, असं जुळेपर्यंत करत राहायचं. शहरांच्या पाणीपुरवठ्यात अशा माळा असतातच, म्हणून त्यासाठीचं पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेलं तयार काम, मिळालं. ते बसवलं आणि हिशेब निघाला. पण नकाशा छापणारं जुनं पॅकेज रुसलं. दोघांनाही आकडेमोडीचं एक तिसरं पॅकेज लागत होतं. एकाला त्याची नवी आवृत्ती, दुसऱ्याला जुनी. जुनी परत आणली तर नकाशा आला आणि हिशेब गेला.

‘‘आई,’’ आत्या म्हणाली, ‘‘आज सकाळी आपल्याकडे दोन्हीतलं एक तरी चालत होतं. तू हात लावतेस आणि चालणारं कुठलं, तेवढंच बदलतं.’’

‘‘तू फोन घे. नानांना सांग, उद्या देतो.’’

‘‘रोपांना कोण सांगणार?’’

शेजारच्या मारवाडी जैन काकू आपल्याकडे जेवायला येतात तेव्हा त्यांचं कांदा-लसणाशिवायचं मी वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या शेगडीवर करते. पंगत मात्र एकच असते. इथेही तेच केलं. संगणकात दोन स्वतंत्र कप्पे केले. एकात नवी आवृत्ती आणि हिशेब, दुसऱ्यात जुनी आवृत्ती आणि नकाशा. पहिल्याने आकडे एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचे, दुसऱ्याने ते वाचायचे. एकमेकांच्या कप्प्यात डोकावायचं नाही. दिसायला ओबडधोबड काम, पण आराखडा छापून निघाला. जोड उपयोगाचा होता. फक्त चढावरच्या नळ्या थोड्या आखूड ठेवायला हव्या होत्या. शेवटच्या ओळीला पहिलीपेक्षा किंचित कमी पाणी मिळेल, असंही त्यात होतं.

नळ्या अंथरून झाल्यावर आम्ही दोघी शेतावर गेलो. नानांनी घरातून दोन सारखे पेले मागवले. एक विहिरीजवळच्या पहिल्या ओळीत थेंबाखाली ठेवला, दुसरा पार वर बांधापाशी. पंप सुरू झाला, बंद झाला, आणि नानांनी खालचा पेला वर आणून दोन्ही माझ्यासमोर धरले.

‘‘घ्या अक्का, तुमची परीक्षा.’’

वरच्या पेल्यात किंचित कमी होतं. कागदावर होतं तेवढंच. मी त्यांना तसं सांगितलं.

‘‘कमी निघालं अन् तुम्ही खूश?’’

‘‘किती कमी निघेल ते आधी कळलं, म्हणून.’’

नानांनी वरचा पेला उन्हात धरून पाहिला. ‘‘गेल्या साली तठी ओल बी नव्हती,’’ ते म्हणाले. पेला त्यांनी रोपासाठी खणलेल्या तिथल्याच एका खड्ड्यात रिकामा केला. मग खाली रोपांच्या जाळीजवळ लावणीसाठी थांबलेल्या बायांना हाक मारून सांगितलं, की रोपं आधी वरच्या टोकाला आणा, आज तिथूनच सुरुवात करू.