मानाचा पाना

मुलचेऱ्याच्या स्टँडमागं गुणवंतरावांचं टिनाचं गॅरेज आहे. जंगलातल्या गावांना जाणाऱ्या जीपगाड्या ते दुरुस्त करतात. गाडी गॅरेजपर्यंत येऊ शकत नसली की गॅरेजच पिशवीत भरून गाडीपर्यंत जातात. त्या पिशवीचा त्यांना भारी तोरा. जुन्या जीन्सच्या कापडाची ही पिशवी त्यांच्या बायकोनं, सुगंधाबाईंनी, मशीनवर शिवलेली. आत प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा. एखादं राहिलं तर तो कप्पा पडलेल्या दाताच्या जागेसारखा लगेच दिसायचा. एरवी हा माणूस इतका विसरभोळा की मीठ आणायला धाडावं तर साबण घेऊन यायचा. पण रानात गेल्यावर हत्यार घरी राहिलं, असं कधी झालं नव्हतं.

दसऱ्याला मात्र पिशवी रिकामी व्हायची. सगळी हत्यारं डिझेलनं पुसून फळीवर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडू ठेवायचा आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही. पिशवीही त्याच दिवशी धुऊन तारेवर पडायची. एक हत्यार तेवढं फळीवर नसायचं. तो चौदाचा रिंग पाना. गुणवंतराव चंद्रपुरात काम शिकत होते तेव्हा उस्तादांनी तो घासून पातळ करून दिला होता. जीपच्या खाली, चाकांना फिरवणाऱ्या शाफ्टच्या बोल्टापाशी जागा इतकी थोडी की बाजारातला पाना शिरतच नाही, हा शिरतो. लग्न झालं तेव्हा गुणवंतरावांचं स्वतःचं असं हे एवढंच हत्यार होतं. सुगंधाबाईंनी पहिल्या दसऱ्याला ते देवघरात पुजलं आणि तेव्हापासून तो मान त्याचाच झाला. गेल्या दसऱ्यालाही गुणवंतरावांनी सकाळी स्वतःच्या हातानं तो पाना बायकोला दिला. सुगंधाबाईंनी पूजा केली आणि नाल्यापलीकडं माहेरी, भाऊ डोमाकडं, सोनं द्यायला गेल्या.

दुपारी दोनला डोमाचा फोन आला.

"भाऊजी, बाईले साप डसला. आपटा तोडू राह्यली होती, झुडपात हात घातला. गावच्या लच्छूच्या जीपमधी टाकून निंघालो, त नाल्यापाशी गाडीच बसली."

"दवाखान्याची गाडी?"

"ते चंद्रपूरले गेली हाय, दोन तास लागतीन म्हनते. मी टेकडीवर चढून बोलून राह्यलो, खाली रेंज नाई."

गुणवंतरावांच्या तोंडातून सवयीचेच प्रश्न निघाले. आवाज कसा आला? इंजिन चालू आहे का? गेअर टाकल्यावर चाक फिरतं का? डोमा सांगत गेला: खालून कडकड झाली, इंजिन चालू आहे, पण गाडी हलत नाही. मागच्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला, हे गुणवंतरावांनी बसल्या जागी ओळखलं. शाफ्ट सोडवला की लच्छूची जीप पुढच्या चाकांवर नाला ओलांडून दवाखान्यापर्यंत जाईल. बायको कशी आहे, हे विचारायला तोंड उघडलं, तोवर फोन कटला.

तारेवरच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी कोपऱ्यातलं खताचं पोतं ओढलं. आधी डोकं ठिकाणावर ठेवून निवड करायला घेतली: रिंग पाने, टॉमीची सळई, हातोडी, पक्कड, गंजलेल्या बोल्टांसाठी डिझेलची बाटली, शाफ्ट बांधायला तार. जॅक घ्यावा का? घ्यावा. पेचकस नको. नको कसा, लागला तर? एक पाना दोनदा उचलला, दोनदा खाली ठेवला. वेळ जातोय, ती तिकडं पडली आहे आणि आपण इथं पाने मोजत बसलोय, या विचारानं त्यांचा धीर सुटला. फळी तिरपी करून त्यांनी सगळंच पोत्यात ओतलं, कुंकवासकट, झेंडूसकट. फळी रिकामी झाली म्हणजे सगळं आलं, असं त्यांच्या मनानं धरलं. पोत्याला कप्पे नसतात.

अकरा किलोमीटर गिट्टीचा रस्ता त्यांनी मोटरसायकलनं कसा तोडला, ते त्यांनाच ठाऊक. नाल्याला मांडीभर पाणी होतं. मोटरसायकल अलीकडं ठेवली, पोतं डोक्यावर घेतलं आणि ते पलीकडं गेले.

सुगंधाबाई जीपच्या मागच्या सीटवर पडल्या होत्या. पापण्या जड झालेल्या.

"आले जी?" एवढंच त्या बोलल्या.

"दहा मिनिटं फक्त," असं म्हणून गुणवंतराव जीपखाली शिरले.

एक पाना लावला, शिरला नाही. दुसरा, तिसरा. मग पोतं उलटं करून सगळी हत्यारं वाळूत पसरली आणि पातळ पान्याच्या नावानं ओरडत आंधळ्यागत चाचपत राहिले. पातळ पाना नव्हता. पोतं फाडून पाहिलं तरी नव्हता. उघड्या तोंडाचा पाना लावून जोर केला तर तो सटकला, बोल्टाच्या कडा गेल्या, बोटं फुटली. हातोडीनं ठोकलं. देवाला शिव्या दिल्या, लच्छूला दिल्या. बोल्ट जागचा हलला नाही. डोमा त्यांचा पाय ओढून म्हणाला, "भाऊजी, बाईले धड बोलता येऊन नाई राह्यलं."

तेवढ्यात वरून आवाज आला. जिभेवर गोटा ठेवल्यासारखा जड.

"अजी... तो त देवाजवळ हाय. मीच ठेवला."

गुणवंतराव हातोडी टाकून बाहेर आले. जे पोहोचल्याबरोबर करायचं ते त्यांनी आता केलं. डोमानं बहिणीला पाठीवर घेतलं, त्यांनी मागून धरलं, नाला ओलांडला. लच्छू मोटरसायकलवर पुढं, मधे सुगंधाबाई, मागं गुणवंतराव, आणि तिघांना मिळून डोमाचा दुपट्टा बांधलेला. गुणवंतरावांचा तळवा बायकोच्या बरगडीवर होता. श्वास हाताला लागत होता, थांबत होता, पुन्हा लागत होता. मुलचेऱ्याची पहिली घरं दिसली तेव्हा तो लागायचा बंद झाला. त्यांनी लच्छूला सांगितलं नाही. दवाखाना येईपर्यंत ते नुसतं "जोरात चाल, जोरात चाल" म्हणत राहिले.

डॉक्टरांना त्यांनी काही विचारलं नाही. जीपखाली पंचवीस मिनिटं गेली होती, हा हिशोब त्यांच्याजवळच होता आणि तो चुकवायला कुठं जागा नव्हती. तेवढा सगळा वेळ मोटरसायकल नाल्याच्या काठी उभी होती. मिस्त्री माणूस, आधी तुटलेली गाडी पाहिली.

घरी देवघरात पाना तसाच होता. त्यावर सुगंधाबाईंच्या हातचं कुंकू होतं, पाचही बोटांनी नीट लावलेलं. डोमानं सामान आवरताना तो उचलायला हात केला, तेव्हा गुणवंतराव त्याच्यावर ओरडले.

पिशवी आता पुन्हा भरलेली असते, तो एक कप्पा सोडून. शाफ्टचं काम आलं की ते दुसऱ्या गॅरेजचं नाव सांगतात. फोन मात्र अजून येतात. समोरचा माणूस घाईघाईनं गाडीचा आवाज सांगू लागतो, आणि गुणवंतराव त्याला मधेच थांबवतात.

"ते राहू दे. गाडीत कोन हाय?"