पुराच्या गुरुवारची सही

"जळकुकडी आहे तुमची मुलगी."

संस्थेचे सचिव माझ्या मायला असं म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावर दोन पिवळी कार्डं पडली होती, एक माझं, एक नलूचं. नलूचे आजोबा खुर्चीत बसले होते, नलू त्यांना टेकून उभी. माय आणि मी दाराशी उभ्या. खोलीत अजून एक खुर्ची होती, रिकामी. मायला कोणी बस म्हणालं नाही.

मी दहा वर्षांची होते. आणि खरं सांगते, सचिवांचं चुकलं नव्हतं. मी जळतच होते.

नलू आमच्याच गावची, कारध्याची. तिचे आजोबा जुने मालगुजार. मालगुजारी कधीच गेली होती, पण गाव त्यांना मालकच म्हणायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत नलू आणि मी एकाच टाटपट्टीवर बसायचो. गणितं ती माझी बघून करायची. तिच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून आरसा होता. तो आरसा मला झोपेतही दिसायचा. तिचे बूट, तिच्या डब्यातला शिरा, पाऊस पडला की तिला न्यायला येणारा गडी, सगळंच डोळ्यांत खुपायचं.

पूल ओलांडला की भंडारा. तिथं एका धार्मिक संस्थेची मुलींची शाळा होती, पाचवीपासूनची. प्रयोगशाळा होती, इंग्रजीचे वेगळे मास्तर होते. तिथून निघालेली मुलगी नर्स व्हायची, मास्तरीण व्हायची. आमच्या गावातली मुलगी चौथी झाली की धान रोवायला जायची. मायनं ठरवून टाकलं होतं, माझी पोरगी चिखलात वाकणार नाही.

पण त्या शाळेत घ्यायचे ते भक्तांच्या मुलींना. भक्त कोण, ते कार्डावरून ठरायचं. दर गुरुवारी मुलीला घेऊन उपासनेला जायचं आणि दारातल्या सेवेकऱ्याकडून त्या तारखेच्या चौकटीत सही घ्यायची. सलग दोन वर्षं.

रोवणीच्या दिवसांत आमच्याकडे बायका एकमेकींच्या बांदीत धान लावतात. आज तुझ्या बांदीत, उद्या माझ्या. माय गुरुवारी खाडा करायची, म्हणून हळूहळू आमच्या बांदीत कोणी येईना. माय आणि बाबा दोघंच लावत बसायचे, तोवर लावायची रोपं, आमचे पऱ्हे, पिवळे पडायचे. बायका हसायच्या, "गुरुवारवाली आली वं!" माय म्हणायची, "हासू दे. आपलं कार्ड भरून राहिलं न?"

आम्ही दोघी पुलाकडे निघालो की नलू ओसरीवर सागरगोटे खेळताना दिसायची. दोन वर्षांत एकदाही ती पुलापलीकडे उपासनेला आली नाही. मला त्याचा भारी आनंद व्हायचा. खेळ म्हटलं, खेळ. तुझं कार्ड कोरं राहील तेव्हा कळेल. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं, जे तिच्याकडे नव्हतं.

त्यात एका श्रावणात वैनगंगेला पूर आला. पूल पाण्याखाली गेला. गुरुवार होता. माय मला घेऊन काठापर्यंत गेली. गावकऱ्यांनी अडवलं. "वेडी झाली का वं बाई? पोरीले बुडवतं का?" सगळं गाव काठावर पूर बघायला जमलेलं. नलूही होती. लाल रेनकोट घालून, भाजलेलं कणीस खात. मी डोक्यावर पोत्याची खोळ घेतली होती. पुराकडे कोण बघतंय, मी त्या रेनकोटाकडेच बघत होते.

त्या एका गुरुवारची चौकट रिकामी राहिली.

प्रवेशाच्या दिवशी सचिवांनी नेमकं त्या चौकटीवरच बोट ठेवलं. "इथं सही नाही."

"पूर होता जी," माय म्हणाली. "पूल बुडाला होता."

"खऱ्या भक्ताला पूर आडवा येत नाही, बाई."

मालक हसले. मी खाली मान घालून उभी होते, म्हणून शेजारचं कार्ड मला दिसलं. नलूचं. माझ्या कार्डाला तेलाचे, हळदीचे डाग होते, घड्या पडून ते मधोमध फाटायला आलं होतं. तिच्या कार्डाला एक सुरकुती नाही. दोन वर्षांच्या सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या, एकाच हाताच्या. मी तो पुराचा गुरुवार शोधला. तिथंही सही होती.

माझा हात आपोआप पुढे गेला.

"त्या दिवशी नलू माह्यासंगं काठावर होती," मी म्हणाले. "कणीस खाऊन राहिली होती."

मालक म्हणाले, "पोट्टीले तोंड लय आहे." नलू आपल्या बुटांकडे बघत राहिली. तिला सगळं आठवत होतं. आणि मग सचिव जळकुकडी म्हणाले.

नंतर त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आवाज एकदम मऊ केला. "हिला मालकांची माफी मागू द्या. खोटं बोलले म्हणावं. मग त्या चौकटीत मीच सही करतो. जागा आहे."

पेन माझ्या कार्डावर, त्या रिकाम्या चौकटीवर धरलेलं. मायचा श्वास मला ऐकू येत होता.

"माग न वं पोरी," ती म्हणाली. "मी पाया पडतो तुह्या."

नलूकडचं जे जे होतं ते ते मला हवं होतं. आरसा, बूट, रेनकोट, सगळं. पण न जाता मिळालेली सही समोर आली आणि मला शिसारी आली. आमचे बाकीचे सगळे गुरुवार खरे होते. ही एक सही घेतली असती तर ते सगळे खोटे झाले असते. मी पेनाखालून कार्ड ओढून घेतलं. चौकटीवर निळी रेघ उठली.

"मले नाई पाहिजे."

पुलाच्या मधोमध मायनं मला थोबाडीत मारली. मग पुढे पुढे चालत राहिली. आठ दिवस बोलली नाही.

आमच्या गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या शाळेतल्या मास्तरायले पगार कोण देते, माहीत आहे का? सरकार. जे मले देते तेच." मी थक्क झाले. मला वाटायचं ती शाळा देवाची, नाहीतर मालकांची. ती आमचीही होती.

मी भंडाऱ्याच्या दुसऱ्या शाळेत शिकले, पायी जाऊन. नलूची जीप रोज माझ्या अंगावर धूळ उडवत जायची. निळा स्कर्ट, पांढऱ्या रिबिनी. मी रोज मनात म्हणायचे, उडो ती रिबीन, पडो नदीत. हे लिहितानाही माझा जीव निवलेला नाही, आणि मला त्याची लाज नाही. मी जळले नसते तर ते कार्ड इतकं निरखून पाहिलंच नसतं.

आता मी कारध्याच्याच शाळेत शिकवते. काल चौथीतल्या एका मुलीची आई आली. हातात तसंच पिवळं कार्ड. शाईसुद्धा बदललेली नाही. "मॅडम, तीन गुरुवार रिकामे आहेत जी. पोरीले टायफॉइड झाला होता. कोनाच्या पाया पडू?"

"कोणाच्याच नाही," मी म्हणाले.

अर्ज मी लिहिलाय. शाळेच्या नावे एक, शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे एक. सोबत माझं जुनं कार्ड जोडलंय, निळ्या रेघेसकट. उद्या गुरुवार आहे. आम्ही पूल ओलांडणार, पण उपासनेला नाही. मुलीला घेत नसाल तर कारण लिहून द्या, एवढंच म्हणायचंय. कागद हातात पडेपर्यंत तिथून हलायचं नाही. खोलीत रिकामी खुर्ची असेल तर त्या मुलीच्या आईला मी तिच्यावर बसवणार आहे. कोणाला विचारणार नाही.