कोंबडी बसली तेव्हा गणित बंद होतं

काही घरांत चिंध्या साठतात. कधीतरी वाकळ होईल म्हणून घरची बाई त्या फेकत नाही, बोचक्यात टाकत जाते. आमच्या घरात तसे किस्से साठले. जुने शेजारी भेटले की कोणीतरी म्हणतोच, "भाऊ, तो कोंबडीचा सांगा ना." मी सुरुवात करतो, पण माझं बोलणं संथ. मी कोंबडीपर्यंत पोचायच्या आत दुसराच कोणी शेवट सांगून हसून मोकळा होतो. म्हणून आता लिहूनच काढतो. लिहिताना मधे कोणी बोलत नाही.

मी बालाघाट स्टेशनावर पॉइंट्समन होतो, गाडीसाठी रूळ बदलून देणारा. शिक्षण तिसरीपर्यंत. बायको सुभद्रा सातवी पास, म्हणजे आमच्या रेल्वे क्वार्टरांत विद्वानच. नवीन राज्यं झाली, नागपूर तिकडे मुंबईच्या राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. पोरीच्या शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाला आणि सगळं हिंदीत सुरू झालं. आमची कुसुम, एकुलती एक, तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ती वर्गात बोलेनाशी झाली. मास्तर चांगले होते बिचारे, पण ती हजेरीलाही तोंड उघडेना. पुढे घरातही गप्प राहू लागली, तेव्हा सुभद्रा घाबरली. तिनं पोरीला शाळेतून काढलं आणि म्हणाली, "मी शिकवीन इले घरी."

हे कळल्यावर तिचा मोठा भाऊ काशिनाथ छोट्या लाइनीच्या, अरुंद रुळांवरच्या गाडीनं गोंदियाहून आला. गोंदियाला मराठी शाळा होती आणि त्याचं घर शाळेला लागूनच. पोरीला माझ्याकडे पाठवा, असा त्यानं हट्ट धरला. बहीणभावाची बरीच वादावादी झाली. शेवटी एक वर्षाची मुदत ठरली. पुढच्या उन्हाळ्यात कुसुमला पेपर वाचता आला आणि हिशेब आला, तर ती आमच्याजवळ राहील. नाहीतर मामाबरोबर गोंदियाला जाईल.

मी नाही म्हणणार होतो. पण शब्द जुळवेपर्यंत गाडीची वेळ झाली, आणि झेंडी घेऊन मलाच जावं लागलं.

०

शेजारच्या क्वार्टरात इंजनात कोळसा टाकणारा फायरमन राहायचा. त्याची दोन पोरं, मोहन आणि सखू, दिवसभर रुळांवर हिंडायची. त्यांच्या आईनं त्यांनाही आमच्या ओसरीवर आणून बसवलं.

शिकवायचं काय, हा प्रश्न होता. पुस्तक एकच, तेही सुभद्राचं स्वतःचं, लहानपणचं. मग तिनं ठरवलं की ज्याला जे आवडतं त्यातूनच त्याला सगळं शिकवायचं. एकेकाला विचारलं. मोहन म्हणाला, इंजन. पाच वर्षांची सखू म्हणाली, कोंबडी. कुसुम दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाली, "झोप."

मला वाटलं, सुभद्रा आता चिडेल. तिनं कुसुमच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "हौ. मंग झोप शिकू."

आणि खरंच शिकवली. घोडा उभ्यानं कसा झोपतो, कोंबडी झोपेत फांदीवरून काहून पडत नाही, हिवाळ्यात रात्र काहून लांबते. नऊला झोपलं आणि सहाला उठलं तर झोप किती झाली. अशानं पोरीला घड्याळ आलं आणि वजाबाकीही आली. फक्त धडा ऐन रंगात आला की ती तिथंच पोत्यावर आडवी होऊन घोरायला लागायची.

सुभद्रा मला हळूच म्हणायची, "पाहा, किती मन लावून करून राह्यली."

०

मग सुभद्रानं पोरीला काम दिलं. क्वार्टरांत कोण केव्हा झोपतं ते विचारून यायचं. क्वार्टरांत बहुतेक लोक हिंदी बोलणारे. कुसुम आधी दारात नुसती उभी राहायची. हळूहळू विचारू लागली. गार्डाच्या बायकोला विचारलं, चहावाल्याला विचारलं, रात्रपाळीच्या खलाशाला, म्हणजे स्टेशनाच्या गड्याला, उठवून विचारलं.

एके दिवशी मी सिग्नलच्या दिव्यांत तेल भरत होतो, तर पोरगी थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत शिरताना दिसली. त्यांना आम्ही बडे बाबू म्हणायचो. माणूस कडक. मी धावलो, पण माझं धावणंही बोलण्यासारखंच.

आतून कुसुमचा आवाज आला. "बडे बाबू, आप कब सोते हैं?"

शाळेत जी पोरगी हजेरी देत नव्हती, तिचं हे हिंदी. बडे बाबूंनी चष्मा वर केला आणि म्हणाले, रात को दस बजे.

"और दोपहर को?"

तारबाबूनं तोंड फिरवलं. माल बाबू एकदम खोकू लागला. जेवणानंतर बडे बाबूंची मान खुर्चीत कशी कलते, हे सगळ्या स्टेशनाला माहीत होतं. मी दारात उभा. माझी नोकरी गेली असंच मी धरून चाललो.

बडे बाबूंनी तारबाबूकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "एक से तीन. माँ को बता देना, और किसी को मत बताना."

त्या दिवसापासून पोरीचं झोपणं कमी झालं. तिला झोपेपेक्षा विचारणंच जास्त आवडतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

०

मामा दर दोन-तीन महिन्यांनी तपासायला यायचा. एकट्या कुसुमला विचारायचं बरं दिसत नाही म्हणून तो तिघांनाही विचारायचा.

मोहनचा भूगोल पक्का होता. गोंदियापासून जबलपूरपर्यंत सगळी स्टेशनं, कुठं इंजन पाणी घेते, कुठं चढ लागतो, कोणत्या पुलाखालून कोणती नदी जाते, सगळं पाठ. वारासिवनीवरून कटंगीला जाणारा फाटाही त्यानं खडूनं ओसरीवर काढून ठेवला होता. मामाला ते माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, "हिंदुस्थानची राजधानी कोनती?"

मोहन विचारात पडला. "ते आपल्या लाइनीवर हाये का?"

"नाही. दिल्ली हाये ते. तिकडे मोठी गाडी जाते."

"मंग ते मोठ्या लाइनीच्या पोरायले विचारा ना मामा," मोहन म्हणाला.

०

आता कोंबडीचा.

सखूचं गणित अंड्यांवर चालायचं. त्यांची एक तांबडी कोंबडी होती. तिनं अंडं घातलं की सखू ते आणून सुभद्राला दाखवायची आणि एक आकडा पुढे सरकायची. काम छान चाललं होतं. मग कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसली. अंडी बंद, आणि सखूचे आकडेही बंद. सुभद्रानं चिंचोके मांडून पाहिले, खडे मांडून पाहिले. सखू म्हणायची, हे खोटे हायेत.

नेमका त्याच आठवड्यात मामा आला. सखूला समोर बसवून म्हणाला, "बोल, किती पाढे येतात तुले?"

सखू त्याला समजावत म्हणाली, "आता कोंबडी बसली हाये मामा. उठली की सांगतो."

मामानं सुभद्राकडे पाहिलं, सुभद्रानं आढ्याकडे पाहिलं. मामा जाताना मला एवढंच म्हणाला, "भाऊजी, ही शाळा तुमची कोंबडी चालवते का?"

पुढे पिल्लं निघाली आणि सखूचं गणित एका दिवसात धावत सुटलं. चार दिवसांनी घारीनं एक पिल्लू नेलं. सखू खूप रडली आणि सुभद्राला म्हणाली, "काकी, मले वजाबाकी नको."

सुभद्रा बरं म्हणाली. पिल्लं मोठी होऊन छपरावर चढू लागली, तोवर त्या ओसरीवर कोणीच वजाबाकी केली नाही.

०

एकदा मोहननं विचारलं, काकांना काय आवडते? मी म्हटलं, सांगतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं, "अंबाडीची भाजी."

सुभद्रा म्हणाली, हे काही शिकण्यासारखं नाही, खाण्यासारखं हाये. पण तिचाच नियम, मोडणार कसा? मग एक दिवस अंबाडीचा धडा झाला. वजन करणं, पाला निवडणं, कण्या किती, पाणी किती. मीठ चिमटीनं कसं मोजायचं तेही सांगितलं. सांगितलं तिघांनाही, पण टाकायचं कोणी ते सांगायचं राहून गेलं. तिघांनीही आपापलं मीठ मोजून, मनापासून टाकलं.

तिघं माझ्यासमोर ओळीनं बसून पाहत होते. मी सगळी भाजी संपवली. मोहननं विचारलं, "काका, जमली का?"

मी मान हलवली आणि तांब्याकडे हात केला. त्या रात्री मी विहिरीजवळच खाट टाकली.

०

संक्रांतीच्या सुमाराला मामा तिळाचे लाडू आणि नागपूरचा ताजा पेपर घेऊन आला. म्हणाला, आता थोडेच महिने राहिले, पोरीला वाचू द्या.

 आमच्याकडे पेपर यायचा तो वाण्याच्या पुड्यांचा. डाळीची पुडी सोडली की सुभद्रा कागद ताणून सरळ करायची आणि कुसुम तो वाचायची. अर्धा हिंदी, अर्धा मराठी, जसा मिळेल तसा.

कुसुम पेपर घेऊन बसली. बातमी गाय चोरीची होती. पोरगी न अडखळता वाचत गेली. गाय कशी नेली, लोक कसे धावले, चोर कसा सापडला. मामाचा चेहरा खुलत गेला. कुसुम वाचत होती, "मंग चोराच्या मायनं त्याले खूप रागावलं. चोर रडला. त्यानं गाय परत नेऊन दिली, अन् गायीनं त्याले वळखलं."

मामानं पेपर हातात घेतला. पालथा करून पाहिला. "हे कुठं लिहिलं हाये?"

"इथून पुढं नेहमी फाटलेलंच असते मामा," कुसुम म्हणाली. "ते आपनच वाचा लागते."

मामानं पेपर खाली ठेवला. पण गाडीची वाट पाहताना फलाटावर तो मला म्हणाला, ही पोरगी इथं राहिली तर वाया जाईल. मी घरी येऊन सुभद्राला ते सांगितलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलंच. दुसऱ्या दिवशी तिनं मामानं आणलेला तो अख्खा पेपर भिंतीला चिकटवला आणि पोरीला बातमी कुठं संपते ते दाखवलं.

०

उन्हाळा आला. मामा सकाळच्या गाडीनं उतरला तो नवीकोरी पत्र्याची पेटी घेऊन. हिरवी, झाकणावर फूल काढलेलं. आत काही नव्हतं. ती त्यानं ओसरीवर ठेवली. पोरं तिच्यापासून दूर सरकून बसली.

त्यानं पेपर दिला. कुसुमनं तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत वाचला. जिथं संपला तिथं थांबली. हिशेब घातले, तेही तिनं केले. मामानं पेपरची घडी केली आणि म्हणाला, "सुभद्रे, मी हरलो. पोरगी हुशार हाये."

सुभद्रा पदरानं डोळे पुसत चहा करायला गेली. चहा आला. मामानं एक घोट घेतला.

"म्हूनच तं मी तिले नेतो," तो म्हणाला. "येवढी हुशार पोरगी ओसरीवर काहून बसवून ठेवता?"

तो मोठा भाऊ. शिवाय बोलला ते खोटं नव्हतं. पुढचं सगळं शिकवणं सुभद्राच्या हातातलं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. ती माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "काशिनाथदादा..." आणि तिथंच अडकलो.

कुसुम पेटीकडे पाहत होती. तिनं विचारलं, "मामा, रमेश त्याच शाळेत जाते ना?"

रमेश मामाचा मुलगा, तिच्याच वयाचा. मामा हौ म्हणाला.

"कितवीत गेला?"

मामानं चहा बशीत ओतला. "त्याच वर्गात राह्यला तो औंदा. मागच्या सालीबी राह्यलता."

"त्याले काय आवडते?"

मामानं बशी तोंडाशी नेली आणि तशीच खाली ठेवली. चहावर साय धरली. तो म्हणाला, "कोनाले माहीत." मग उठला. आठ दिवसांनी येतो, तोवर पोरीचे कपडे धुऊन ठेवा, असं म्हणाला. कुसुमच्या कपड्यांसाठी आणलेली पेटी मात्र तो जाताना उचलून परत घेऊन गेला.

ते आठ दिवस ओसरीवर शाळा भरली नाही. सुभद्रा कुसुमचे फ्रॉक धुवायची, वाळले की पुन्हा धुवायची. मोहन आणि सखू येऊन पायरीवर बसायचे आणि उठून जायचे. कुसुमनं आठ दिवसांत कोणाला काही विचारलं नाही.

मामा येणार होता त्या दिवशी माझी ड्यूटी सकाळीच सुटली होती. मी फलाटावर जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मी आठ दिवस मनात जुळवत होतो, आणि या वेळी सगळे शब्द जागेवर होते. गाडी आली. मामा उतरला. पेटी त्याच्या खांद्यावर होती आणि त्या वजनानं तो वाकला होता. मागून रमेश उतरला. मान खाली, हातात बापाची छत्री.

मामा सरळ माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी तोंड उघडलं. त्यानं पेटी माझ्या हातात दिली.

"भाऊजी, जरा धरा," तो म्हणाला. "कुसुमचे कपडे राहू द्या घरीच. यात याचे हायेत."