खूण साच्याची

मिस्तरींच्या घरी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, असं सहसा व्हायचं नाही. तो चपला घालायला वाकला, की मिस्तरी "थांबा जरा" म्हणत आत जायचे आणि एक डबा आणून त्याच्या हातात ठेवायचे. डबा साधासुधा नव्हे. लालातून पांढरा निघालेला, पांढऱ्यात निळा विरघळलेला, दुधात शाई सांडावी तसा. एकासारखा दुसरा नाही. अख्ख्या गल्लीत असं घर नव्हतं जिथल्या फळीवर मिस्तरींचा ढगाळ डबा बसलेला नाही, आणि पोरं तर त्यांना डबेआजोबाच म्हणायची.

मिस्तरींचा सारा जन्म प्लास्टिकच्या कारखान्यात यंत्रावर साचे चढवण्यात गेला. तिथे एक रंग संपवून दुसरा सुरू करायचा झाला, की यंत्राच्या पोटात आधीचा रंग चिकटून बसलेला असे. तो ढकलून काढायला कोरा दाणा, म्हणजे नवं कोरं प्लास्टिक, कोण वाया घालवणार? मग कोपऱ्यातल्या पोत्यातला चुरा आत सोडायचा. मोडक्या बादल्या, खुर्च्यांचे पाय, कसले कसले पाइप, सगळं दळून केलेला. नवा रंग स्वच्छ येईपर्यंत जे डबे पडत त्यांना रंगबदलाचा माल म्हणत. तो पुन्हा दळायचा असा नियम. पण त्यातले देखणे डबे बाजूला काढून कामगारांनी घरी न्यावेत अशी रीत, आणि मालक त्या वेळी नेमके दुसरीकडे बघत असत.

एका दोस्ताच्या लग्नात मिस्तरींनी अशा डब्यांची उतरंडच दिली. नवरा म्हणाला, "अरे, भिंतीवरचं घड्याळ तरी द्यायचंस." पुढे अहेरातली घड्याळं बंद पडली, नवराबायकोचं बोलणंही अधूनमधून बंद पडायचं, डबे मात्र चालू. हा किस्सा मिस्तरींनी इतक्यांदा सांगितला होता, की त्यांची बायको भाजी निवडता निवडता शेवटचं वाक्य आधीच म्हणून मोकळी व्हायची.

असे हे मिस्तरी निवृत्त होऊन घरी बसले आणि चिंगीच्या, म्हणजे नातीच्या, तैनातीला लागले. मुलगा मालाची गाडी घेऊन बाहेरगावी, सून चष्म्याच्या दुकानात. बायकोचे गुडघे धरलेले, म्हणून सकाळी स्वयंपाक उरकला की ती पाय पसरून बसायची. दुपारचं खातं मिस्तरींकडे. चिंगीचा मऊ भात, कुस्करलेला बटाटा, गाजराची पेज, असं काहीबाही डब्यात भरलेलं असे. ते मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचं, टिंग झालं की फुंकर मारून भरवायचं. चिंगीला नुकतं कुठे खाणं कळू लागलं होतं. टिंग वाजलं की ती आ वासून बसायची, आणि आजोबांच्या जन्माचं सार्थक व्हायचं.

एका रविवारी सून स्वयंपाकघरात फतकल मारून बसली आणि फळीवरचे सगळे डबे तिने समोर ओतले. दुकानात आलेल्या कुणा बाईशी बोलताना प्लास्टिकमध्ये अन्न गरम करण्याचा विषय निघाला होता. तेव्हापासून तिला चैन नव्हतं, म्हणून तिने चार ठिकाणी विचारून, वाचून घेतलं होतं. एकेक डबा उलटा करून ती बूड बघायची आणि बाजूला टाकायची.

"अगं, तो आइस्क्रीमचा आहे, चांगला टणक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तो गार पदार्थांसाठी. गरम केला की त्यातलं नको ते अन्नात उतरतं. तेलकट, आंबट असलं की जास्तच."

"आणि हा हॉटेलचा?"

"तो एकदाच वापरायचा असतो. चरे बघा किती पडलेत."

"मग माझेही गुडघे टाक त्या ढिगात, त्यांनाही चरे पडलेत."

सून हसली, पण हात थांबला नाही. शेवटी मिस्तरींचे डबे आले. तिने एक उलटा केला, दुसरा केला. बुडाशी पेला आणि काटा कोरलेला, शेजारी लाटांची खूण.

"हे बघा. अन्नाला चालतो, मायक्रोवेव्हला चालतो, दोन्ही खुणा आहेत. चिंगीसाठी बाबांचे डबे तेवढे ठेवायचे. बाकी सगळं बाहेर."

या सुनेने सासऱ्याची एखादी गोष्ट बिनशर्त मान्य करावी, हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. मिस्तरींची छाती फुगली. "मी काय म्हणत होतो," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

कारण ती खूण त्यांनीच साच्यात बसवलेली होती. पोलादी तुकडा, दोन स्क्रू. साच्यात तुम्ही कोरा दाणा घाला की खुर्चीचे पाय घाला, बुडाशी पेला-काटा उमटणारच. खूण साच्याची होती. मालाची नव्हती. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी त्यांना पाठ होत्या, पण एकीचा हात दुसरीच्या हातात कधी दिला गेला नव्हता. तो त्या क्षणी दिला गेला.

सुनेने डबे घासूनपुसून वेगळ्या फळीवर मांडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्तरींनी भात पातेल्यात काढला आणि गॅसवर गरम केला. भात बुडाला लागला. डबा त्यांनी नळाखाली ओला करून पालथा घातला, म्हणजे वापरल्यासारखा दिसावा. चिंगी टिंगची वाट बघत बसली. टिंग झालं नाही म्हणून तिने आ केला नाही. शेवटी मिस्तरींनीच तोंडाने "टिंग" केलं, तेव्हा कुठे घास गेला.

"अहो, करपल्याचा वास कशाचा?" बायको बाहेरून म्हणाली.

"शेजारून येतोय."

"शेजारचे गावाला गेलेत."

हे असं चालू झालं. रोज सुनेला सांगायचं ठरवायचं, आणि ती संध्याकाळी दमून आली की उद्यावर ढकलायचं. सांगायचं काय? की तू विश्वासाने ठेवलेत तेच डबे खोटे, आणि आजवर त्यांत गरम करून भरवणारा हात माझा? मधे एकदा चिंगीने घास उलटून टाकला. दात येताहेत, असं सगळे म्हणाले. मिस्तरी मान हलवत राहिले, पण त्या दिवशी त्यांनी ताट तसंच बाजूला सरकवलं. एका सकाळी ते डोळे तपासायला गेले. परत येतात तो बायकोने गुडघे सावरत उठून स्वतः डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेला, आणि चिंगी त्यातला शेवटचा घास चाटतेय. मिस्तरी दारातच बसले.

"काय झालं? डोळ्यांत काही निघालं का?"

"नाही. डोळे चांगले आहेत म्हणाले."

त्याच संध्याकाळी सून फळीवरून दोन डबे उतरवून कागदात गुंडाळू लागली. "धाकटीला देते," ती म्हणाली. तिच्या धाकट्या बहिणीचं बाळ आता खायला लागणार होतं. "बाजारात काय मिळेल त्याचा भरवसा नाही. हे आपल्या घरचे."

"नको देऊ," मिस्तरी म्हणाले.

सुनेला वाटलं, डब्यांवर जीव अडकलाय. "दोनच नेतेय, बाबा. गल्लीभर वाटलेत, माझ्या बहिणीला देताना का हात आखडतोय?"

"हात नाही गं आखडत. त्यात गरम करू नये. चिंगीचंही नको."

मग त्यांनी सांगितलं. पोतं, चुरा, यंत्राचं पोट, साच्यातला तुकडा. नेहमी किस्सा रंगवून सांगणारा माणूस, पण हा त्यांनी अगदी कोरडा सांगितला. सुनेने एक डबा उलटा केला आणि खुणेवरून नख फिरवलं.

"म्हणजे हे कशाचे आहेत?"

"ते मलाही सांगता यायचं नाही. ज्या दिवशी पोत्यात जे असेल ते."

"रविवारी मी बूड बघत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं."

"आणि इतके दिवस तुम्ही गप्प."

"मी गॅसवर गरम करत होतो."

"आज आईंनी मायक्रोवेव्हमध्ये केलं म्हणाल्या, ते?"

सासूबाई म्हणाल्या, "वास शेजारून येत नव्हता तर." सून चिंगीला उचलून आतल्या खोलीत गेली. ती रागावली असती, दोन शब्द बोलली असती, तर मिस्तरींना सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी चिंगीला तपासलं. "पोर खणखणीत आहे," ते म्हणाले. "उतरलं असेल तर काय आणि किती, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. यापुढे त्यात गरम करू नका, काच वापरा." बाहेर पडताना मिस्तरींच्या डोक्यात 'कोणीच सांगू शकणार नाही' एवढंच घुमत होतं.

दुसऱ्या दिवसापासून ते पिशवी घेऊन गल्लीत फिरू लागले. दिलेला डबा परत मागायचा म्हणजे काय लाज, ती त्यांनी दारोदार घेतली. कोणी म्हणालं, "घरात भांडण झालं वाटतं." शिंपीणबाईने बटणांचा डबा पुढे केला. त्याला मिस्तरींनी हात लावला नाही, "बटणं गरम करत नाही ना, मग राहू दे." लग्नातल्या दोस्ताने तर सरळ नकार दिला. "घड्याळं गेली, आता हेही नेतोस?" हा किस्सा मिस्तरींना पहिल्यांदाच ऐकवेना. त्यांनी दोस्ताच्या बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं नीट समजावलं, तेव्हा पिशवीत चार डबे पडले.

पुढच्या सुट्टीला सून भांड्यांच्या दुकानात निघाली. "बाबा, चला," एवढंच म्हणाली. तिथे तिने काचेचा एक वाडगा उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा चालेल?"

मिस्तरींनी वाडगा उलटा केला. बुडाशी लाटांची खूण होती. त्यांनी तिच्यावरून नख फिरवलं.

"खूण तर आहे," ते म्हणाले.

"खूण मलाही दिसते. मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी वाडगा उजेडाकडे धरला. आत बुडबुडा नव्हता, कडेला सोनेरी पट्टी नव्हती, कुठे केसाएवढीही चीर नव्हती. काच जाड होती आणि पलीकडे सुनेचा चेहरा दिसत होता. "काच आहे," ते हळूच म्हणाले. "पण झाकण प्लास्टिकचं आहे. गरम करताना ते काढून वर बशी ठेवायची. आणि आधी नुसतं पाणी तापवून बघू. पाणी गार राहून वाडगाच तापला, तर परत आणायचा."

"बघू," सून म्हणाली आणि वाडगा तिने त्यांच्याच हातात राहू दिला.

घरी मिस्तरींनी वाडग्यात पाणी घालून तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि काचेच्या दाराला नाक लावून उभे राहिले. टिंग झालं. मागे चिंगीने आ वासला. मिस्तरींनी आधी वाडग्याच्या कडेला बोट लावलं, मग पाण्यात बुडवलं, आणि पुन्हा कडेला लावलं.

"काय?" सुनेने विचारलं.

"पाणी गरम आहे, वाडगा गार. पण थांब जरा," ते म्हणाले. "अजून एकदा बघतो."