सहावा विभाग

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी मार्लीन नाम्पिजिन्पाने संगणकाच्या पडद्यावर हाताचा पंजा आडवा धरला. पंजाखाली नुकत्याच वारलेल्या माणसाचा चेहरा होता. तो तिथे असायला नको होता.

ऑस्ट्रेलियातल्या तनामीच्या वाळवंटातल्या आमच्या वस्तीत, शाळेच्या छापखान्यात, ती अकरा वर्षं पुस्तकांची पानं लावते आहे. सध्याचं काम म्हाताऱ्यांच्या आठवणींचं पुस्तक: एका माणसाला एक विभाग. गेल्या महिन्यात चौथ्या आणि पाचव्या विभागातले दोघे भाऊ गेले. आमच्या रीतीप्रमाणे त्यांच्या बहिणीचा निरोप आला, दुखवटा संपेपर्यंत फोटो नको, नाव नको. मीही इथे नावं लिहीत नाही.

फाइलमधून विभाग काढून टाकणारी संगणकाची एक छोटी स्क्रिप्ट मार्लीनकडे होती. ती नावावरून विभाग शोधायची. पण ती नावं टाइप कशी करायची? मार्लीनने स्क्रिप्ट बदलून नावांऐवजी विभागांचे आकडे घातले, चार आणि पाच. आज नऊ वाजता दहा कच्च्या प्रती छापल्या आणि लोकांनी तपासाव्यात म्हणून दुकानाच्या काउंटरवर ठेवल्या. बहीण रोज अकराला दुकानात येते.

मार्लीन धावत दुकानात गेली. काउंटरवर नऊच प्रती होत्या.

"दहावी कोणी नेली?"

"बघितलं नाही बाई," दुकानदार ग्रेग म्हणाला. "मागे मांसाचे खोके उतरवत होतो."

नऊ प्रती छातीशी धरून ती परतली. बहिणीने ते पान उघडलं तर वस्तीभर आक्रोश उठणार होता, आणि तो मार्लीनच्या चुकीमुळे असणार होता.

छापखान्याच्या दारात कॅथलीन मावशी उभी होती. काखेत दहावी प्रत.

"काय गं पोरी, मला कधी पुरलंस? सांगायचं तरी, मीही आले असते रडायला."

"मावशी, ही अजून कोणी पाहिली?"

"कोण पाहणार? मी माझं पान शोधत होते. ते नाहीच. त्याऐवजी गेलेल्या दोघांतला धाकटा समोर आला. तशीच मिटली आणि आले."

सहावा विभाग कॅथलीनचा होता. मार्लीनला आता कळलं. चौथा काढताच मागचे सगळे एकेक जागा पुढे सरकले होते. पाचवा झाला चौथा, सहावा झाला पाचवा. स्क्रिप्टने सांगितल्याप्रमाणे पाचवा उडवला होता, म्हणजे मावशीचाच.

तिने मूळ फाइल उघडली आणि क्रम उलटा केला: आधी पाच, मग चार. मग एकेक पान स्वतः उलटत गेली.

"ही मी," मावशी म्हणाली. "नाकावरची माशीसुद्धा ठेवलीस!"

मार्लीन हसली नाही. खिडकीबाहेर बहीण दुकानाकडे चालली होती. मार्लीनने जुन्या प्रती पुन्हा मोजल्या. दहा. त्या तिने कपाटात ठेवल्या आणि किल्ली मावशीच्या हातात दिली.

दुकान उद्या नऊला उघडेल. काउंटरवर दहा नव्या प्रती असतील, आणि त्या तिथे ठेवण्याआधी मावशी प्रत्येक पान पाहील.