ई म्हणजे?

पंचवीस वर्षं मुलुंडच्या एका कॉलेजात जिमखाना सांभाळला की कपाटात फुटलेले बॉल साठतात आणि डोक्यात किस्से. बॉल दरवर्षी भंगारात जातात. किस्से कोण घेणार? म्हणून मग ते असे चहाबरोबर मित्रांच्या माथी मारायचे!

मी मूळचा कबड्डीवाला. एके दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावलं. "सावंत सर, यंदापासून ई-स्पोर्ट्सची टीम तुमच्याकडे."

मला वाटलं, ए, बी, सी, डी झाल्या, आता ई टीम काढली असेल. म्हटलं, "मॅडम, चौथ्या टीमलाच जर्सी पुरत नाहीत!"

मॅडमनी टेबलावरचा मोबाइल उचलून दाखवला. मग म्हणाल्या, "सर, मोबाइलवरचे गेम."

•

टीममध्ये चार मुलगे आणि कॅप्टन तन्वी, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाची. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना ग्राउंडला दोन फेऱ्या मारायला लावल्या. खेळ म्हटला की घाम आलाच पाहिजे, हे माझं तत्त्व! दुसरंही तेव्हाच ऐकवलं: समोरच्याच्या बुटाची लेस सुटली, तर तो ती बांधेपर्यंत आपण थांबायचं.

फेऱ्या संपल्यावर तन्वी धापा टाकत आली आणि तिने स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. "सर, आता तुम्ही आमच्या ग्राउंडवर या ना. फक्त पाच मिनिटं."

पाच मिनिटं कसली? वीस सेकंदांत माझा खेळ खल्लास! हात मात्र घामाने चिकट, छाती धडधडतेय.

"कोणी मारलं गं मला?"

"कोणीच नाही, सर. तुम्ही गच्चीवरून खाली पडलात."

•

जिमखान्याच्या मागची खोली या मुलांना दिली आणि कबड्डीचा कॅप्टन गणेश भडकला. "सर, आम्ही गुडघे फोडून घेतो आणि हे खुर्चीत बसणारे खेळाडू? कायपण काय!"

खरं सांगतो, मनातून मलाही तसंच वाटत होतं. तरी त्याला म्हटलं, "एकदा बघ तरी."

गणेश दाराशी हाताची घडी घालून उभा राहिला. आत प्रॅक्टिस मॅच चालू होती. आपल्या टीममधला एकटा साईराज उरला होता, समोर तिघं. साईराज भिंतीआडून पुढे सरकतोय, परत मागे येतोय, पुन्हा पुढे...

कधी आत शिरला कळलं नाही, पण गणेश साईराजच्या खुर्चीमागे वाकून कुजबुजत होता, "बोनस घे रे, बोनस घे आणि पळ!"

•

मग एक दिवस तन्वीचे बाबा आले. मूळचे कणकवलीचे, भांडुपला एका कंपनीत फिटर. आल्या आल्या मुलीवरून फैरी सुरू!

"सर, चेडू दिवसभर मोबाइलात तोंड घालून बसता. ह्याका खेळ म्हणतत? उद्यापासून तिचा नाव काढा."

आठवड्यावर अंधेरीची आंतरकॉलेज स्पर्धा आणि कॅप्टनच जाणार! वाद न घालता मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. तन्वीची पाठ आमच्याकडे होती, कानाला हेडफोन. तिला काही पत्ता नाही.

"साई, मागे बघ! अरे, झोपलास काय? तू डावीकडून ये. मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही!"

चार मुलगे मुकाट्याने ऐकत होते. बाबा दहा मिनिटं उभेच. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "सर, नाव ऱ्हवांदे. घराकडे माका पण अशीच ओरडता!"

•

अंधेरीला आम्ही फायनलपर्यंत पोचलो. ती मॅच हरलो, हे आधीच सांगून टाकतो.

शेवटचा राउंड. आमच्यातली एकटी तन्वी उरली, समोरच्या टीममधलाही एकच मुलगा. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळं दिसत होतं. तेवढ्यात त्या मुलाचा फोन हँग झाला. पडद्यावर त्याचा माणूस उघड्या रस्त्यात, पुतळ्यासारखा! तन्वी त्याच्या समोरच. एक गोळी, की कप आपला. मी खुर्चीतून उठून ओरडलो, "मार!"

तन्वीने फोन टेबलावर ठेवला आणि पंचांकडे बघून हात वर केला.

मॅच थांबली. त्या मुलाला दुसरा फोन मिळाला, खेळ पुन्हा सुरू झाला आणि त्याने तिला मारलं. मी डोक्याला हात लावून बसलो.

नंतर पंच फॉर्म घेऊन तन्वीकडे आले. "मॅडम, तुमचा फोन तर व्यवस्थित चालू होता. मॅच थांबवली, त्याचं कारण काय लिहू?"

तन्वी हेडफोनची वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा ना सर, समोरच्याच्या बुटाची लेस सुटली होती."

पंचांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तेच लिहिलं!