अमावास्येची सुट्टी

माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या आहेत. सगळ्या सांगायला बसलो तर तुमचा चहा गार होईल. पण अख्खं कॉलेज बुडवलं अशी चूक एकच. आणि तीही कशी, तर कॉलेज वाचवायला गेलो म्हणून.

पंचाऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना परवानग्या द्यायला सुरुवात केली होती, आणि नाशकात ज्याच्याकडे चार भिंती आणि वर पत्रे होते तो प्रत्येक जण शिक्षणमहर्षी व्हायला निघाला होता. आमचे तात्या त्यातलेच. तात्या लासलगावचे कांद्याचे व्यापारी, आणि मी त्यांच्याकडे आठ वर्षं कारकून. एके दिवशी वखारीत बसल्या बसल्या मला म्हणाले, "भास्कर, कांदा चार महिन्यांत सडतो. पोरं सडत नाहीत. आपण कॉलेज काढू."

काढलं की हो! नाशकात दिंडोरी रोडला तात्यांचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. त्याला चुना मारला, पाटी लावली, आणि डी.एड.चं कॉलेज सुरू झालं. म्हणजे शिक्षक घडवायचं. चाळीस मुलंमुली आली. मी कारकुनाचा रजिस्ट्रार झालो. टेबल तेच होतं, वर फक्त हिरवं कापड आलं.

प्राध्यापक चार होते. कागदावर. त्यातले मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणजे तात्यांचे जावई. ते सटाण्याला औषधांचं दुकान चालवायचे आणि कॉलेजात एकदाच आले होते, उद्घाटनाला. ग्रंथालयातली पुस्तकं आमच्यासारख्याच दुसऱ्या एका संस्थेची होती. त्यांच्याकडे तपासणी असली की पुस्तकं टेम्पोत बसून तिकडे जायची, आमच्याकडे असली की परत यायची. नाशकात त्या पुस्तकांइतका प्रवास दुसऱ्या कोणी केला नसेल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं दिसत असून तू गप्प कसा बसलास? बसलो. पगार वेळेवर मिळत होता आणि लोक मला 'सर' म्हणत होते. माणसाला आणखी काय लागतं? वर शहाणपणा असा की माझ्या सख्ख्या बहिणीला, सुशीला, मी त्याच कॉलेजात घातलं. तिला पहिल्यापासून शिक्षिका व्हायचं होतं. वडील लग्न लावून द्यायला टपले होते. त्यांना मी छाती ठोकून सांगितलं, "आपल्या घरचंच कॉलेज आहे, दोन वर्षं थांबा." वडील म्हणाले, "थांबतो. पण परीक्षा चुकली तर त्याच वैशाखात बार उडवीन."

आणि फेब्रुवारीत नोटीस आली. कोणीतरी सरकारकडे तक्रार केली होती. शिक्षक नाहीत, तास होत नाहीत, सराव पाठ होत नाहीत. तरी आपल्या संस्थेची मान्यता का काढून घेऊ नये याची कारणे दाखवा. आठ दिवसांनी तपासणी अधिकारी येणार.

मान्यता गेली म्हणजे परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली म्हणजे सुशी बोहल्यावर. मी नोटीस घेऊन तात्यांकडे धावलो. तात्या मात्र शांत होते. म्हणाले, "भास्कर, हजेरीपट चोख पाहिजे. बाकी मी बघतो."

आता हजेरीपट कुठून आणायचा? वर्षभर हजेरी कोणी घेतली होती? मग मी दोन दिवस दार लावून बसलो आणि आठ महिन्यांची हजेरी लिहून काढली. चाळीस मुलं, रोजची. तीन वेगळ्या शाया वापरल्या. मध्येच कोणाला ताप आणला, कोणाला मामाच्या लग्नाला पाठवलं. रविवार सोडले, दिवाळी सोडली, पंधरा ऑगस्ट सोडला. सुट्टीच्या दिवशी लाल शाईने उभ्या अक्षरांत 'सुट्टी' लिहिलं. असा देखणा हजेरीपट जिल्ह्यात दुसरा नसेल. मी तो सुशीला दाखवलासुद्धा. तिने दोन पानं चाळली आणि म्हणाली, "दादा, मी इतके दिवस कॉलेजात होते हे मला माहीतच नव्हतं." मला वाटलं, कौतुक करतेय.

तपासणीला पगारे साहेब आले. सडपातळ, पांढरा शर्ट, हातात पिशवी. पुस्तकं बघितली. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना शिकवताना बघितलं. जावईबापूंनी फळ्यावर 'मन' असं लिहिलं आणि तास संपेपर्यंत ते पुसून पुन्हा लिहीत राहिले. मग साहेब माझ्या टेबलाशी बसले आणि हजेरीपट उघडला.

"अक्षर छान आहे तुमचं, भास्करराव."

मी लाजलो. त्यांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं.

"ही दर महिन्याला एक जास्तीची सुट्टी दिसतेय. आणि महिन्यागणिक एखादा दिवस मागे सरकतेय. कसली आहे?"

मी वाकून बघितलं. अमावास्या! अहो, लासलगावला अमावास्येला कांद्याचा लिलाव बंद. आठ वर्षं मी तेच लिहीत आलो होतो: अमावास्या, बाजार बंद. लिहिताना हात आपोआप लाल शाईकडे गेला होता. देशातलं हे एकमेव कॉलेज असेल जे कांदा बाजाराच्या सुट्ट्या पाळत होतं.

इथे कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, साहेब, चूक झाली. मी काय म्हणालो?

"त्या दिवशी तास नसतात साहेब. त्या दिवशी आम्ही मुलांना खेड्यात नेतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यक्रम. मुद्दाम अमावास्येला."

माझं मलाच नवल वाटलं. तोंडातून गंगा वाहावी तसं ते वाक्य वाहत आलं. साहेबांनी चष्मा काढला.

"हे फार चांगलं आहे. कुठल्या गावात?"

"निफाडच्या अलीकडे." तिथे माझी मावशी राहते, म्हणून ते तोंडात आलं.

"येत्या मंगळवारी अमावास्या आहे. मीही येतो."

संध्याकाळी तात्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, संस्थेचे अध्यक्ष म्हणून तुम्ही आलंच पाहिजे, दोन शब्द बोलायला. तात्यांनी कानांना हात लावले. "अमावास्येला? अमावास्येला मी उंबरा ओलांडत नाही हे तुला ठाऊक नाही का? तूच निस्तर."

मग मी सुशीचे पाय धरायचे बाकी ठेवले. तिला म्हटलं, तुझ्याच परीक्षेसाठी चाललंय हे सगळं. ती म्हणाली, "पाठ घेते. वर्षभरात एक सराव पाठ मिळाला नाही, हा तरी मिळेल. पण मला खोटं बोलायला सांगू नकोस."

खोटं बोलायला मी होतोच. मी आदल्या दिवशी गावात जाऊन मावशीच्या शेजारणीला, हौसाबाईला, पढवून आलो. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, हे लोक दर अमावास्येला येतात.

मंगळवारी आमची पुस्तकं वाहणाऱ्या रघूच्या टेम्पोतून आम्ही गावात पोचलो. साहेब एसटीने आधीच येऊन शाळेच्या ओट्यावर बसले होते. पोरं, बाया, चार म्हातारे जमले. साहेबांनी हौसाबाईला विचारलं, "हे नेहमी येतात का हो?"

"येत्यात की! पाच वर्सं झाली, एक अमुशा चुकवली नाय."

कॉलेज निघून एक वर्षही झालं नव्हतं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पण सुशीने पाठ असा घेतला म्हणता! एक लिंबू कापलं, तर आतून लालभडक रस आला. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारा उठून मागे सरकला. मग सुशीने हसत सांगितलं, चाकूला जास्वंदीचं फूल चोळलेलं आहे, लिंबाचा रस लागला की ते लाल होतं, यात भूत नाही आणि भानामती नाही. एकेका पोराला जवळ बोलावून चाकू दाखवला. इतकी गोड, इतकी स्पष्ट बोलत होती ती. माझा ऊर भरून आला, आणि त्याच वेळी लाजही वाटली. या पोरीला आपण गोदामात बसवलं!

"बाई, परत करा ना," पोरं मागे लागली.

साहेबही म्हणाले, "करा पुन्हा. मी जवळून बघतो."

सुशीने पिशवी चाचपली. लिंबं संपली होती. "कोणाच्या घरी लिंबू आहे का?"

तेव्हा हौसाबाई जागची न उठता म्हणाली, "घरी कशाला जायचं? ते काय, तुमच्या टेम्पोलाच लटकतंय. चांगलं ताजं हाय."

सगळ्या गावाने मान वळवली. टेम्पोच्या पुढच्या बाजूला काळ्या दोऱ्यात एक पिवळंधमक लिंबू आणि खाली सात हिरव्या मिरच्या वाऱ्यावर झुलत होत्या.

साहेबांनी रघूला विचारलं, "जुनं असेल, नाही का?"

मी रघूला डोळ्यांनी खुणावत होतो. पण रघू माणूस सरळ. "जुनं कसं असंल साहेब? आज सकाळचंच हाय. भास्करभाऊंनी सोता बांधलं. म्हनले, तपासनी हाय, उगं रिस्क नको."

कोणी हसलं नाही, तेच वाईट. सुशी टेम्पोपाशी गेली, लिंबू सोडवून आणलं, मिरच्या माझ्या हातात दिल्या आणि लिंबू साहेबांसमोर कापलं. पुन्हा लाल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी हातात सात मिरच्या धरून उभा.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. महिन्याभरात मान्यता गेली. पण पगारे साहेबांनी अहवालात एक चांगली गोष्ट लिहिली: मुलांचा यात दोष नाही. त्या चाळीस जणांना सरकारी अध्यापक विद्यालयात घेतलं, सुशीची परीक्षा झाली आणि वैशाख टळला. माझी नोकरी गेली. तात्यांवर मात्र फसवणुकीचा खटला उभा राहिला आणि नाशिकच्या कोर्टात आम्हा सगळ्यांना साक्षीला बोलावलं.

तात्यांचे वकील हुशार होते. त्यांना एवढंच सिद्ध करायचं होतं की कॉलेजात थोडंफार का होईना, शिकवलं जात होतं. सुशी पिंजऱ्यात आली तशी त्यांनी तिची उलटतपासणी सुरू केली. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, बोल बाई काहीतरी, मालकाचं मीठ खाल्लंय मी.

"अख्ख्या वर्षात तुमचा एकही तास झाला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

"एक झाला," सुशी म्हणाली.

वकिलांचा चेहरा फुलला. तात्या खुर्चीत ताठ झाले. "कोणी घेतला?"

"माझ्या भावाने. रजिस्ट्रारांनी. प्राध्यापक आले नव्हते म्हणून दादाच वर्गावर आला होता. सरकारी कार्यालयात अर्ज कसा करावा, हे त्याने शिकवलं. विषय कसा मांडायचा, मुद्दे ओळीने कसे घालायचे, खाली सगळ्यांच्या सह्या, आणि प्रत कोणाकोणाला पाठवायची ते."

मला आठवलं. एका दुपारी मला भारी हुक्की आली होती, आणि फळा भरून नमुना लिहून दिला होता मी. पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. आठ वर्षं लोकांचे अर्ज खरडलेला माणूस मी, रंगात आलो होतो.

वकील न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "म्हणजे संस्थेत उत्तम अध्यापन होत होतं, हे आता रेकॉर्डवर आलं." मग पुन्हा सुशीकडे वळले. "आणि त्या तासाला शिकवलेलं तुम्हाला अजून आठवतं?"

"सगळं आठवतं," सुशी म्हणाली. "तुमच्या हातातल्या फाइलीत पहिलंच पान बघा. सरकारकडे केलेली आमची तक्रार. दादाने शिकवल्याप्रमाणेच लिहिली आहे."